परसातील टोमॅटो कोठे फसतो?

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटांची रीघ लागावी आणि त्याच परिसरातील एखाद्या घराच्या परसात चार झाडेही धड फळू नयेत, हा अनुभव नाशिक जिल्ह्यात नवा नाही. एका वर्षी पाने चुरडतात, दुसऱ्या वर्षी फुले झडतात, तिसऱ्या वर्षी फळाचे बूड काळे पडते. मग "आमच्या मातीत टोमॅटो येतच नाही" असा निकाल देऊन तेथे अळू लावला जातो. माती बिचारी बहुधा निर्दोष असते.

दोन-तीन हंगाम वाया गेल्यावर ज्या घरी अखेर टोपलीभर फळे निघतात, तेथे बहुतेक वेळा औषध बदललेले नसते, लागणीची तारीख बदललेली असते. हौशी मनुष्य रोपे लावतो ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. त्या दिवसांत पांढरी माशी बळावते आणि बोकड्याचा विषाणू झाडोझाडी पोहोचविते. विषाणू एकदा झाडात शिरला की कोणतीही फवारणी झाडास बरे करीत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात तर महाराष्ट्रातील मुरलेले टोमॅटो उत्पादकही विषाणूंपुढे हतबल झाले होते. शिवाय दिवसाचे तापमान ३५ अंशांवर गेले की परागकण निकामी होऊन फुले गळतात. उलट फार उशीर केल्यास निफाडकडील डिसेंबर-जानेवारीची थंडी फळधारणा रोखते. म्हणून ऑगस्टअखेर बी टाकून सप्टेंबरच्या शेवटी, फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रोपे लावणे परसबागेस अधिक मानवते.

रोपे २५ ते ३० दिवस ४० मेशच्या नायलॉन जाळीखाली वाढवावीत. जुनी मच्छरदाणी येथे उपयोगी नाही. तिच्या छिद्रांतून पांढरी माशी सहज आत शिरते. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित वाण बोकड्या, मर व लवकर येणारा करपा यांस दाद देत नाही. पण वांगी, मिरची किंवा बटाटा नुकताच निघालेल्या वाफ्यात त्यालाही घालू नये. ही सर्व एकाच कुळातील पिके आहेत.

काळ्या बुडाचे कारण बहुधा पाण्यात सापडते. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी वाफा तुडुंब भरला, तर जमिनीत चुना असूनही तो फळापर्यंत पोहोचत नाही. थोडे पण नियमित पाणी व बुडाशी पाचटाचे आच्छादन एवढ्याने हा दोष पुष्कळ आवरतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येथे थोडे आत्मपरीक्षण करावे. चुरडलेले पान दाखविताच औषधाचे नाव सांगून सायकल वळविणे सोपे आहे. पण रोप केव्हा लावले आणि त्याआधी तेथे काय होते, हे विचारल्यावाचून दिलेला सल्ला फसतो. ज्या गृहिणीचा वाफा आपल्या सांगण्यावरून दोनदा फसला, ती उद्या बीजप्रक्रियेचे म्हणणे तरी का ऐकेल?

बाजारासाठी फळ अर्धे पिकलेले असतानाच तोडावे लागते. परसातील फळास ती घाई नाही. ते झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावे.