नाव कोणी सुचवायचे?

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या शेतात घट मांडले जातात. गोलाकार अठरा धान्ये, मधोमध खड्ड्यात मातीची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर आणि जोडीला पुरी, पापड, करंजी. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचे नाही. पहाटे कोणते दाणे हलले, कोणते जागच्या जागी राहिले हे पाहून पाऊसपाणी, पिके आणि राजाची गादी यांचे भाकीत सांगितले जाते. या भाकितांना शास्त्राचा आधार नाही, हे आमचे मत आहे. पण पहाटेच्या अंधारात जमलेल्या शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न मात्र खरा असतो: पुढे काय होणार?

विज्ञानकथाही याच प्रश्नापासून निघते. ती भाकीत सांगत नाही, ‘असे झाले तर?’ एवढेच विचारते. आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल आपल्या जिल्ह्यात पडून आहे. जळगाव जामोद-संग्रामपूरचा खारपाणपट्टा घ्या. विहिरीचे खारे पाणी पिणे आणि मूत्रपिंडाचे दुखणे ही तिथल्या घराघरातली काळजी आहे. लोणारचे सरोवर अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने झालेले, त्याचे पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झाले तेव्हा सारे जग पाहत होते. शेगाव तालुक्यातल्या काही गावांत २०२५ च्या जानेवारीत लोकांचे केस अचानक गळू लागले. परदेशातल्या लेखकाला अशी एक बातमी कादंबरीला पुरली असती!

मग अशा कथा पुढे का येत नाहीत? लिहिणारे कमी आहेत, हे खरेच. पण लिहिलेले पुढे करणारे त्याहून कमी आहेत. पुरस्कार आकाशातून पडत नाही. परीक्षकांच्या टेबलावर जे येते, त्यातूनच निवड होते.

मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली. ‘नारायण विनायक जगताप’ या अनोळखी गृहस्थाची ‘कृष्णविवर’ ही कथा तीत पहिली आली. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. नावाच्या वजनाने परीक्षक दबू नयेत म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली होती आणि अक्षर ओळखीचे निघू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली होती. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी विज्ञानकथेची दखल घेतली. पुढे २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. २० मे २०२५ रोजी ते गेले. इतका मोठा शास्त्रज्ञ, पण त्यालाही कथा पाकिटात घालून पोस्टात टाकावीच लागली. ती टाकली नसती तर?

आपल्याकडे शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांसाठी लेखक-प्रकाशकांनी प्रवेशिका भरायची असते. वाचकाचे काम निकाल वाचण्यापुरते. इंग्रजी विज्ञानकथेच्या जगात १९५३ पासून दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार निराळा आहे. तिथे जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे वर्गणीदार सभासद स्वतःच नावे सुचवतात, एका विभागात पाचपर्यंत, आणि शेवटचे मतदानही तेच करतात. या पद्धतीचेही दुखणे आहे. २०१५ साली काही गटांनी आधीच याद्या ठरवून नामांकने भरली, इतर सभासदांची मते विखुरलेली होती आणि गटांची नावे सरळ अंतिम यादीत घुसली. चिडलेल्या सभासदांनी पाच विभागांत ‘कोणालाच नको’ असा कौल दिला. बहुसंख्यांनी कागद कोरा ठेवला किंवा उशिरा भरला, की चार जणांचे फावते. ग्रामपंचायतीत हे आपण पाहिलेलेच आहे.

‘आम्ही कोण नाव सुचवणारे? प्राध्यापक थोडेच आहोत?’ असे जळगाव जामोदमधली एखादी गृहिणी किंवा दुकानदार म्हणेल. पण दिवाळी अंक घरोघरी फिरतो तो यांच्याच हातून. ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांनी अद्भुताची आवड टिकवली ती अशाच वाचकांच्या जोरावर. आजी धारपांच्या भयकथा वाचून दिवा न मालवता झोपायची आणि नातू भा. रा. भागवतांच्या पुस्तकातून चंद्रावर जायचा. त्या दोघांचे मत मोजण्याची सोय मात्र कोणी केली नाही.

ती सोय गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला करता येईल. दिवाळी अंक परत येऊ लागले की काउंटरवर एक वही ठेवावी. वाचकाने त्यात वर्षातल्या आवडलेल्या विज्ञानकथेचे किंवा अद्भुतकथेचे नाव लिहावे आणि ती का आवडली ते दोन ओळींत सांगावे. मित्राची कथा न वाचता लिहू नये, एवढी एक अट. शाळेतल्या मुलांना वेगळे पान द्यावे, कारण त्यांची निवड मोठ्यांपेक्षा बेधडक असते. जानेवारीत वहीतली पहिली पाच नावे त्या त्या लेखकाला आणि संपादकाला पोस्टकार्डाने कळवावीत, सोबत पुरस्काराच्या प्रवेशिकेची शेवटची तारीखही लिहावी. पुष्कळदा लेखकालाच ती ठाऊक नसते.

आणि त्या वहीत खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या मुलीची स्वतःची कथा सापडली, तर ती मात्र विज्ञान परिषदेच्या पत्त्यावर जाऊ द्यावी, स्वच्छ अक्षरात, तिच्या खऱ्या नावानिशी.