कादंबरी करून टाका!

एकाच स्टेशनमास्तरावर सहा कथा लिहून झाल्या, की लेखकाच्या मागे हे वाक्य लागते : "आता याची कादंबरी करून टाका हो!" 'करून टाका' म्हणजे काय? शिळ्या पोळ्यांचा कुस्करा आहे का हा? प्रकाशकाचे एक वेळ समजू शकते. कथासंग्रह खपत नाही यावर त्याची इतकी श्रद्धा, की तो छापूनही बघत नाही. पण ज्यांनी त्या कथा दिवाळी अंकात चवीने वाचल्या, त्यांनीही त्याचीच री ओढावी?

अहो, रेल्वेची गोष्ट जातीचीच तुटक. कल्याणला एक गृहस्थ समोर येऊन बसतात, मुलीच्या लग्नाची हकीकत सुरू करतात, खंडाळ्यापाशी जावयाचा विषय निघतो आणि लोणावळ्याला पिशवी उचलून उतरून जातात. संपली गोष्ट. कादंबरीवाला त्यांचा पत्ता काढून पुढच्या प्रकरणात आपल्याला थेट जावयाच्या दिवाणखान्यात नेऊन बसवणार!

डिकन्स घ्या. कादंबऱ्यांचा कारखानाच तो. 9 जून 1865 ला स्टेपलहर्स्टजवळच्या पुलावर त्याची गाडी घसरली, दहा माणसे गेली. हा वाचला आणि जखमींसाठी हॅटमधून पाणी आणत हिंडला. आगगाडीची धास्ती मात्र कायमची बसली. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या साप्ताहिकाच्या नाताळ अंकात 'मग्बी जंक्शन' काढले. जंक्शन एक, एक 'मेन लाइन' आणि पाच 'ब्रँच लाइनी'. त्यांतल्या चार दुसऱ्या लेखकांना दिलेल्या. पहिली त्याची स्वतःची, 'द सिग्नलमन'. बोगद्याच्या तोंडाशी एकटा माणूस, तांबडा दिवा आणि ते भूत. अनुभव ताजा, साप्ताहिक घरचे. आठशे पाने सहज झाली असती. पठ्ठ्याने केली नाहीत.

"म्हणूनच मग्बी जंक्शन आज कुणाला आठवत नाही!" असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण सिग्नलमन आठवतो ना? तो डबा सुटा होता म्हणून दीडशे वर्षे कुठल्याही संग्रहाच्या गाडीला जोडता आला. कादंबरीचे चौदावे प्रकरण असे काढून कुठे जोडणार?

दोन डब्यांमधल्या कपलिंगला थोडी ढील असते, ती शोभेला नव्हे. डबे वेल्डिंग करून एकसंध केले तर यार्डात गाडी झोकदार दिसेल. घाटाच्या पहिल्याच वळणावर रूळ सोडील. कादंबरी करताना पहिला बळी या ढिलाईचा जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या कथेत सात वर्षे गेलेली, ती वाचकाने मुकाट्याने भरून घेतलेली असतात. आता तिथे मास्तरांची बदली येते, पत्नीचा दमा येतो, भाच्याची मॅट्रिक येते. शिवाय प्रत्येक कथेचा शेवट, ज्यासाठी लेखक चार रात्री जागला, तो आधी छाटायचा. का? तर पुढचे प्रकरण यायचे आहे!

आणि त्या स्टेशनमास्तराचा विचार कुणीच करत नाही. सहा कथांत त्याने इमानाने गाड्या सोडल्या. आता कादंबरीला नायक हवा, म्हणून त्याला प्रेमात पाडणार. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, रात्रपाळी सांभाळून!