‘सोबतीला कोण?’

आमच्या एका स्नेह्यांच्या घरी गेल्या उन्हाळ्यात घडलेला प्रसंग येथे सांगणे अवश्य वाटते. त्यांची कन्या एम. ए.ची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. आसामात दिब्रुगडला मैत्रिणीकडे जावे आणि तेथून थेट कन्याकुमारीपर्यंत आगगाडीने एकटीने प्रवास करावा, असा बेत तिने वडिलांपुढे मांडला. वडील विद्वान, आई शिक्षिका, दिवाणखान्यात स्वामी विवेकानंदांची तसबीर. परंतु उत्तर एकच मिळाले, “सोबतीला कोण?” सोबतीला कोणी नव्हते, म्हणून बेत मोडला. यात नवल नाही. नवल हे की, पुढे दोनच महिन्यांनी याच मातापित्यांनी त्याच कन्येला उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस धाडले, आणि तीही एकटीच! विमानतळावर पेढे वाटले गेले. सोबतीचा प्रश्न मात्र कोणाच्या ओठांवर आला नाही.

सातासमुद्रांपलीकडे एकटीने जाणे निर्धोक आणि स्वदेशातून जाणे धोक्याचे, हे तर्कशास्त्र आम्हांस अद्याप उमगलेले नाही. आमच्या मते या दुटप्पीपणात मुलीच्या काळजीइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, वाटा आपल्याच देशबांधवांविषयीच्या अविश्वासाचा आहे. विमानात शेजारी बसेल तो बहुधा आपल्यासारखाच. स्लीपरच्या डब्यात समोर कोण येऊन बसेल याचा नेम नाही. तो मजूर असेल, जवान असेल, यात्रेकरू असेल. ज्या जनतेच्या नावाने आपण व्याख्याने देतो, तिच्या शेजारी तीन रात्री काढण्याची मात्र आपल्याला धास्ती वाटते.

त्या मुलीचे काय हुकले, हे तरी पाहावे. दिब्रुगड ते कन्याकुमारी धावणारी विवेक एक्स्प्रेस २०११ साली सुरू झाली. सुमारे ४,२०० किलोमीटरांचे अंतर कापण्यास तिला तीन दिवसांहून अधिक वेळ लागतो. एकाच गाडीने होणारा या देशातील हा सर्वांत लांबचा प्रवास होय. वाटेत ब्रह्मपुत्रा लागते, फराक्क्याला गंगा लागते. त्र्यंबकेश्वरी जिची धार आपण ओंजळीत घेतो, ती गोदावरी राजमहेंद्रीस केवढी होते, हे त्या पुलावरून गाडी खडखडत जात असताना कळते. पुढे पालक्काडच्या खिंडीतून सह्याद्री ओलांडावा लागतो, तोच आपला सह्याद्री! स्थानकांच्या पाट्यांवर लिपी पालटत जाते. असमियातून बंगालीत शिरताना अक्षरे ओळखीची राहतात, पण ‘र’ निराळा होतो. मग ओडिया, तेलुगू, तामिळ आणि मल्याळम. वर्गात आम्ही ‘विविधतेतील एकता’ या विषयावर तासभर बोलतो; डब्याच्या खिडकीशी बसून जे उमजते, त्याचा दशांशही त्या तासात येत नाही. शिवाय एकट्याने जाणाऱ्यालाच ते अधिक मिळते. घरची माणसे बरोबर असली की, माणूस डब्यातही घरच थाटतो: तोच शिधा, त्याच गप्पा, तीच भांडणे. एकट्याला मात्र समोरच्याशी बोलावेच लागते.

कोणी म्हणेल, “धोका खरा आहे, त्याचे काय?” धोका खरा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. फेब्रुवारी २०११मध्ये केरळात एका पॅसेंजर गाडीत एका तरुणीवर हल्ला झाला आणि त्यात तिचा अंत झाला. परंतु त्या वेळी ती महिलांच्या डब्यात एकटीच उरली होती, हे विसरू नये. तिचा घात गर्दीने केला नाही, रिकाम्या डब्याने केला. आपण आपल्या मुलींना घरी बसवितो, तेव्हा पोटासाठी रात्री प्रवास करावाच लागणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या मुलीचा डबा अधिक रिकामा करितो, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

कायद्याने तर एकट्या स्त्रीचा प्रवास गृहीतच धरिला आहे. १९८९च्या रेल्वे अधिनियमाच्या १३९व्या कलमान्वये, एकट्या स्त्रीजवळ तिकीट नसले तरी तिला रात्रीच्या वेळी वाटेल त्या स्थानकावर उतरविता येत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांत स्लीपर वर्गातील सहा शायिका स्त्रियांसाठी राखून ठेवण्याची तरतूद आहे. एकट्या प्रवासिनींची विचारपूस करण्यासाठी रेल्वे सुरक्षा दलाने २०२० साली ‘मेरी सहेली’ नावाचा उपक्रम सुरू केला. एवढ्याने सारे झाले, असे आम्ही म्हणत नाही. अस्वच्छ संडास आणि निर्लज्ज नजरा अजून आहेतच. त्यांविरुद्ध सुशिक्षितांनी ओरड केलीच पाहिजे. पण जो त्या डब्यात पाऊल ठेवीत नाही, त्याची ओरड ऐकणार कोण?

ज्यांच्या नावाने ही गाडी धावते, ते विवेकानंद परिव्राजक म्हणून देशभर हिंडले आणि १८९२च्या अखेरीस कन्याकुमारीस पोहोचले. त्याच वर्षाच्या सुमारास मुंबईहून पुण्यास येताना त्यांची व लोकमान्य टिळकांची आगगाडीच्या डब्यात गाठ पडली. त्या अनोळखी संन्याशाला टिळकांनी आपल्या घरी नेऊन ठेविले. नाव विचारता त्याने ‘मी संन्यासी’ एवढेच सांगितले, अशी आठवण टिळकांनीच नमूद करून ठेविली आहे. आणि आनंदीबाई जोशी? १८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, पतीला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. जहाजावर ओळखीच्या परदेशी स्त्रिया होत्या. स्वकीय कोणी नव्हते. शाळांतून मुलींना आपण हे चरित्र शिकवितो, आणि घरी मात्र विचारतो, “सोबतीला कोण?”

हे सारे लिहिताना आम्ही निर्दोष आहोत असे मात्र वाचकांनी समजू नये. बाविसाव्या वर्षी नागपुराहून हावड्यास एकटे जात असताना आम्हांस वाटेत ताप भरला. समोरच्या बाकावरील एका वृद्ध बंगाली बाईंनी आपल्या पदराची ओली घडी रात्रभर आमच्या कपाळावर ठेविली. त्यांची भाषा आम्हांस येत नव्हती. निघताना आमच्या घरी ‘सोबतीला कोण’ असे कोणी विचारले नव्हते, कारण आम्ही मुलगा होतो. पुढे आठ वर्षांपूर्वी आमच्या कन्येने असाच प्रवास करण्याची परवानगी मागितली, तेव्हा ‘पुढल्या वर्षी आपण सगळेच जाऊ’ असे गोड उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो. ते पुढले वर्ष कधी उगवले नाही, आणि तिनेही पुन्हा विचारले नाही. आता ती परदेशी असते.

म्हणून ज्यांच्या घरी हा प्रश्न अजून विचारला जात आहे, त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे. मुलीला तिकीट काढून द्यावे, खालची शायिका मिळते का पाहावे, पाण्याची बाटली आणि एक कुलूप द्यावे, आणि स्थानकावरून मुकाट्याने घरी यावे. तीन रात्री झोप लागणार नाही, न लागो. सोबतीला कोण, याचे उत्तर त्या डब्यात बसलेला आहे तो देश आहे. त्याचा भरवसा वाटत नसेल, तर तो भरवशाचा करण्याचे काम आपले आहे. मुलीला घरी बसवून ते होणार नाही.