पट्टी भरली म्हणजे फाइल पोचली असं नाही!

लिनक्सवर आलेल्या दुकानदारांचा एक प्रश्न हमखास येतो. "सर, पेन ड्राइव्हमध्ये फाइल टाकली की पट्टी सुर्रकन शेवटाला जाते आणि तिथेच बसून राहते. परत विंडोज टाकू का?"

अजिबात नको. लिनक्स फाइल आधी रॅममध्ये घेतं आणि मग सावकाश ड्राइव्हवर उतरवतं. सुरुवातीला दिसतो तो वेग रॅमचा. टेम्पोतला माल दुकानाच्या दारात उतरला, पण फळीवर लागला नाही, तशातली गत.

मार्चएंडला मी स्वतः यात फसलोय. १.४ जीबीचा बॅकअप, पट्टी पूर्ण भरली, ड्राइव्ह ओढला आणि थेट सीएंकडे. तिथे फाइल उघडेचना! माझा ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम ६ एमबी लिहितो, म्हणजे चार मिनिटं तरी हवी होती. मी अर्धं मिनिटही थांबलो नव्हतो. सीए साहेब घड्याळाकडे बघतायत आणि मी स्कूटरवर परत दुकानात.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: 'इजेक्ट' दाबायचं आणि काढायला हरकत नाही असा निरोप आल्याशिवाय ड्राइव्हला हात लावायचा नाही. टर्मिनलची भीती नसेल तर एस-वाय-एन-सी, म्हणजे 'सिंक', टाइप करून एंटर मारा. कर्सर परत आला की माल फळीवर.

आता वेग खरंच कमी असेल तर? 'एलएसयूएसबी -टी' ही कमांड द्या. ड्राइव्हसमोर ४८०एम दिसलं तर तो यूएसबी २ च्या वेगाने चाललाय, ५०००एम म्हणजे यूएसबी ३. ड्राइव्ह ३ चा असून ४८० दिसत असेल तर हब काढा, निळं पोर्ट शोधा. पण ५००० दिसूनही रडत असेल तर आतली चिपच स्वस्तातली आहे, तिथे कुठलीही सेटिंग कामाची नाही. आणि हजारो बिलांच्या पीडीएफ सुट्या पाठवू नका, एक झिप करा. सुट्या फाइलींना फार वेळ जातो.

लिनक्सवाल्यांवर माझा राग एवढाच आहे की ती पट्टी ड्राइव्हचा हिशोब दाखवत नाही. विंडोज १० च्या २०१८ च्या अपडेटपासून तिथे पेन ड्राइव्हला 'क्विक रिमूव्हल' मुळातच चालू असतं, त्यामुळे आपल्याला ओढून काढायची सवय लागलीय. हळू चाला, पण खरं सांगा. गल्ल्यावरच्या पोराला रॅम आणि ड्राइव्हमधला फरक कसा कळणार? आम्ही तर मॉनिटरवरच चिठ्ठी चिकटवलीय: 'आधी इजेक्ट'.