नाकारलेल्यांचा हिशेब कोण ठेवणार?

आयटी कंपनीतली मुलाखत वाईट गेली की दोष आपसूक उमेदवाराच्या माथी येतो. तयारी कमी पडली, घाबरला, बोलता आलं नाही, असं घरचे म्हणतात, मित्र म्हणतात आणि हळूहळू तोही तेच मानू लागतो. मुलाखत घेण्याची पद्धतच सदोष असेल, ही शक्यता फारशी कुणी तपासत नाही. याला कारण आहे. चुकीचा माणूस घेतला गेला, तर काही महिन्यांत टीमला ते कळतं. योग्य माणूस नाकारला गेला, तर ते कंपनीला कधीच कळत नाही. तो दुसरीकडे रुजू होतो, उत्तम काम करतो आणि इथल्या दप्तरात मात्र ‘रिजेक्टेड’ एवढीच त्याची नोंद उरते. जी चूक दिसतच नाही, ती सुधारणार कशी? तांत्रिक मुलाखतींचं मूळ दुखणं हे आहे आणि ते दूर करण्याची जबाबदारी कंपन्यांचीच आहे.

पुण्यात हिंजवडी किंवा खराडीतल्या नोकरीसाठी होणारा नेहमीचा टेक्निकल राउंड पाहा. ऑनलाइन कॉल, जेमतेम पाऊण तास, स्क्रीनवर रिकामा एडिटर. मुलाखत घेणाऱ्याचा कॅमेरा बंद. उमेदवार विचार बोलून दाखवत असताना पलीकडून दुसऱ्याच कामाच्या टायपिंगचा आवाज येत राहतो. प्रश्न असतो ग्राफमधला सर्वांत कमी अंतराचा मार्ग शोधण्याचा आणि नोकरी असते एखाद्या बँकेची जुनी जावा प्रणाली सांभाळण्याची. त्यामुळे चांगला अनुभव गाठीशी असलेले इंजिनिअरही ऑफिस सुटल्यावर रात्री जागून लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावरची कोडी घोकत बसतात. अशा मुलाखतीत माणसाला काम येतं का, यापेक्षा त्याने हे कोडं आधी सोडवलं आहे का, याचीच परीक्षा होते.

या पद्धतीविरुद्धचा पुरावा जुना आहे. गुगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितलं होतं, की विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील, असल्या प्रश्नांतून काहीच हाती लागत नाही. कंपनीने हजारो मुलाखतींचे गुण आणि त्या माणसांचं पुढचं काम ताडून पाहिलं, तेव्हा दोन्हींत काही संबंध आढळला नव्हता. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटाने परीक्षकासमोर फळ्यावर, बोलत बोलत प्रश्न सोडवला. उरलेल्यांनी तोच प्रश्न खोलीत एकट्याने सोडवला. परीक्षकासमोरच्यांची कामगिरी निम्म्याहून अधिक घटली. त्या गटातली एकही मुलगी उत्तीर्ण झाली नाही. एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या मुली झाल्या. नमुना लहान होता, हे खरं. पण प्रश्न तोच असताना केवळ कुणी रोखून पाहत असल्याने निकाल इतका पालटत असेल, तर आपण बुद्धी मोजतो आहोत की दडपण, हे विचारायलाच हवं. अनोळखी माणसापुढे इंग्रजीत बोलत विचार करण्याची सवय नसलेल्या, तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या मुलांना याची झळ अधिक बसणार, हे उघड आहे.

यावर कंपन्यांचं म्हणणं असतं, की एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात आणि चुकीची निवड महागात पडते, म्हणून चाळणी कडकच हवी. चाळणी कडक असावी, पण प्रश्न कामाशी निगडित असावेत. नको त्या विषयाची परीक्षा कितीही अवघड केली, तरी चुकीची निवड टळत नाही. संशोधक पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली. त्यात पहिल्या क्रमांकावर आली ती आखीव मुलाखत, म्हणजे सर्वांना कामाशी निगडित तेच प्रश्न आणि गुण देण्याचे आधी ठरवलेले निकष. मनाला येईल तसे प्रश्न विचारण्याची पद्धत बरीच मागे पडली. दुसरा आक्षेप एआयच्या मदतीने होणाऱ्या कॉपीचा. तो रास्त आहे, पण ठरावीक कोडी एआय चुटकीसरशी सोडवतं, म्हणून तर ती बाद करायला हवीत. उमेदवाराला एकदा ऑफिसात बोलवा, चालू कामातल्यासारखा दोनशे ओळींचा कोड वाचायला द्या, त्यातला बग शोधायला सांगा आणि दुरुस्तीवर चर्चा करा. तिथे उसनी हुशारी फार काळ टिकत नाही.

मुलाखतीनंतरचं मौन हा याच बेपर्वाईचा पुढचा भाग. ‘एचआर कळवतील’ एवढं सांगून चार-चार राउंड दिलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे ताटकळत ठेवतात. उमेदवारही ऑफर स्वीकारून ऐनवेळी येत नाहीत, ही कंपन्यांची तक्रार खरी आहे. पण नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड लादला, की माणूस त्या काळात दुसरी ऑफर शोधणारच; शिवाय काही जणांच्या वागण्याची शिक्षा सगळ्यांना देता येत नाही. नकाराची कारणं दिली तर कोर्टकचेरी होईल, ही भीतीही पुढे केली जाते. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने त्यावर साधा तोडगा काढला. १ जानेवारी २०२६ पासून तिथे २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीने जाहिरात दिलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही, हे उमेदवाराला कळवणं बंधनकारक आहे. कारण सांगण्याची सक्ती नाही. एवढा नियम महाराष्ट्राच्या कामगार विभागालाही करता येण्यासारखा आहे.

कायद्याची वाट न पाहता कंपन्यांनी आणखी एक काम सुरू करावं. शेवटच्या राउंडला नाकारलेले उमेदवार वर्षभराने कुठे, काय काम करत आहेत, हे तपासावं आणि निवडलेल्यांचे मुलाखतीतले गुण त्यांच्या प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहावेत. लिंक्डइनच्या जमान्यात हे अवघड नाही. आपलं प्रत्येक सॉफ्टवेअर चाचणीतून पारखून घेणाऱ्या उद्योगाने माणसं निवडण्याची पद्धत मात्र न तपासता वर्षानुवर्षं वापरावी, याचं समर्थन होऊ शकत नाही.