वर्गणी नव्हे, भाडं!

वर्गणी या शब्दाबद्दल मला लहानपणापासून आदर आहे. गणपतीची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी, मासिकाची वर्गणी. वर्गणी देणाऱ्या माणसाला समाजात एक स्थान असतं. निदान मांडवाजवळच्या फळ्यावर त्याचं नाव खडूने, बहुधा चुकीचं, लिहिलेलं असतं. म्हणूनच फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या, चुकलो, न विकणाऱ्या कंपन्या दरमहा घेतलेल्या पैशांना ‘सब्स्क्रिप्शन’ म्हणजे वर्गणी म्हणतात, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

अहो, मासिकाची वर्गणी संपली की काय होतं? पुढचा अंक येत नाही. बस्स. मागचे अंक आपल्या माळ्यावर असतात, ते रद्दीत घालायचे की नातवांसाठी ठेवायचे हा आपला आणि सौभाग्यवतींचा खाजगी वाद. संपादक घरी येऊन गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकाची पानं डिंकाने चिकटवून जात नाहीत.

इथे मात्र तेच होतं. ॲडोबी कंपनीच्या लाइटरूम क्लासिकचंच उदाहरण घ्या. वर्गणी थांबली की त्यातल्या ‘डेव्हलप’ नावाच्या खोलीला कुलूप. फोटो बघा, छापा, दुसरीकडे उतरवून घ्या, याला मनाई नाही. एवढा भलेपणा आहे, तो नाकारत नाही. पण रात्र रात्र बसून तुम्हीच कमी केलेल्या त्या सावलीला पुन्हा हात लावायचा नाही. तुमचा फोटो, तुमची मेहनत, आणि तुम्ही काचेबाहेर उभे!

असं का, तर ही सॉफ्टवेअरं मूळ फोटोला हातच लावत नाहीत. ती नुसतं टिपण करून ठेवतात : इथे उजेड वाढवला, तिथला खांब काढला, क्षितिज सरळ केलं. फोटो उघडला की टिपण वाचून तो तसा दाखवायचा. युक्ती नामी आहे. फक्त ते टिपण ज्या लिपीत आहे ती लिपी त्या एकाच कारकुनाला येते. आपल्या जमिनीचे कागद मोडीत असावेत, मोडी वाचणारा गावात एकच असावा आणि त्याने ‘दरमहा पगार चालू ठेवा, नाहीतर तुमची जमीन कुठली ते मी विसरलो’ म्हणावं, त्यातली गत.

माझ्याकडे वडिलांनी जपलेल्या निगेटिव्हजचा एक पत्र्याचा डबा आहे. दमट हवेने त्यांना बुरशी लागली होती. स्कॅन करून एका पावसाळ्यात मी ती एकेक ठिपका करून काढली. वडिलांच्या लग्नातल्या फोटोत एकट्या आत्याच्या शालूवर सव्वाशे ठिपके होते. हे सारं काम एका भाड्याच्या सॉफ्टवेअरच्या वहीत टिपलेलं आहे (कंपनीचं नाव सांगत नाही, अजून तिच्याकडेच राहायचं आहे). डबा माझा, आत्या माझी. ठिपके काढल्याची नोंद मात्र तिच्या वहीत.

तेव्हा ही वर्गणी नव्हे, हे भाडं आहे. आणि भाडं म्हणजे काय, हे मुंबईकराला शिकवायला जाऊ नये. १९४७ च्या कायद्याने इथली भाडी अशी गोठली की मालकच दुरुस्तीच्या नावाने भाडेकरूपुढे रडू लागला. तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्या भाडेकरूला हलवणं म्हणजे गिरगावातून समुद्र हलवणं. सॉफ्टवेअरच्या भाडेकरूला यातलं काय आहे? ॲडोबीची फोटोग्राफीची २० जीबीची योजना महिना दहा डॉलरच्या आसपास होती. जानेवारी २०२५ मध्ये ती नव्या गिऱ्हाइकांना बंद झाली आणि महिन्याने पैसे भरणाऱ्या जुन्यांना दर पंधराच्या घरात गेला. ना कोर्ट, ना कचेरी.

म्हणजे हे भाडंही नव्हे, ‘लीव्ह अँड लायसन्स’ आहे! अकरा महिन्यांचा करार, आणि वर ‘आधी सोडलंत तर दंड’. ही माझी अतिशयोक्ती नाही. वर्षाचा करार करून महिन्याने पैसे भरणाऱ्याने पहिल्याच वर्षी मध्येच सोडलं, तर उरलेल्या हप्त्यांची निम्मी रक्कम द्यावी लागते हे ॲडोबीने नीट सांगितलं नाही, असा आरोप ठेवून अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये तिच्यावर खटला भरला. कंपनीने आरोप नाकारला. पण लीव्ह अँड लायसन्सवाला भाडेकरूसुद्धा जाताना आपलं कपाट घेऊन जातो हो! इथे कपाट भिंतीत चिणलेलं.

“मामा, मग विकतचं घ्या ना!” इति आमचा भाचा. त्याचं वय असं की त्याला सगळं सोपं वाटतं.

घेतलं असतं. ॲडोबीने मे २०१३ मध्येच जाहीर केलं की यापुढच्या फोटोशॉपच्या आवृत्त्या भाड्यानेच मिळतील. लाइटरूमची २०१५ ची सहावी आवृत्ती ही विकत मिळालेली शेवटची. आता खरं सांगायचं तर विकतचं घर म्हणजे स्वर्ग नव्हे. प्लास्टर तिथेही पडतं. नवा कॅमेरा घेतला की त्याची फाइल त्या सहाव्या आवृत्तीला वाचता येत नाही. २०१८ च्या अखेरीस तिच्यातला नकाशाही बंद पडला. आणि भाड्याच्या घरातून या जुन्या घरी परतावं म्हटलं, तर नव्या आवृत्तीने एकदा आपल्या पद्धतीची करून घेतलेली वही जुनीला उघडत नाही. डार्कटेबलसारख्या फुकट प्रोग्रामकडे गेलात तर फोटोंना दिलेली नावं आणि तारे बरोबर येतात, सावली आणि उजेड बहुतेक मागेच राहतो.

ॲफिनिटीवाल्यांवर माझी भिस्त होती. एकदा पैसे द्या, कायमचं घ्या, असा त्यांचा बाणा. मार्च २०२४ मध्ये त्यांना कॅनव्हाने विकत घेतलं, तेव्हाही कायमचा परवाना मिळत राहील असं वचन दिलं गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी आवृत्ती आली ती चक्क फुकट, फक्त कॅनव्हाचं खातं उघडा. भाचा आनंदाने नाचला. मी नाही नाचलो. मालक फुकट राहा म्हणाला, की तो कधी काय म्हणेल याची चिंता भाडं देणाऱ्यापेक्षा जास्त. निदान भाड्याची पावती तरी असते.

भाडं घेऊ नका, असं माझं म्हणणंच नाही. काम करणाऱ्यांना पोटं आहेत, आणि सातशे डॉलर एकदम मोजण्यापेक्षा महिन्याचे दहा परवडणारे लोक पुष्कळ आहेत. मी स्वतः भरतोच आहे. पण भाडेकरू निघाला की त्याची वही त्याला उघडता आली पाहिजे. नव्या सोयी देऊ नका, दुरुस्ती करू नका. ज्या आवृत्तीचं भाडं घेतलंत, ती त्याच्याकडे राहू द्या.

“मामा, असं कुठे असतं का?” भाचा म्हणाला.

असतं. जेटब्रेन्स नावाची कंपनी आहे, प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी प्रोग्राम करणारी. तिनेही २०१५ मध्ये सगळं भाड्याने देण्याचं जाहीर केलं. गिऱ्हाइकांनी असा काही गिल्ला केला की कंपनीला कलम घालावं लागलं : सलग बारा महिने भरलेत, की त्या बारा महिन्यांच्या सुरुवातीची आवृत्ती कायमची तुमची.

“पण मामा, ते प्रोग्रामर होते. त्यांना भांडता येतं.”

“आणि आम्ही चाळीत वाढलो ते काय?” मी म्हटलं, आणि कंपनीला पत्र लिहायला बसलो.