धाराशिवची चौथी तुकडी आणि वाढत्या महाविद्यालयाचे गणित

धाराशिव : नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचे कौतुक होते, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची वार्ता कोणी घेत नाही. खरी कसोटी मात्र तेथूनच सुरू होते. धाराशिवचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सध्या याच टप्प्यातून जात आहे. २०२२ मध्ये १०० विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडीने त्याचा प्रारंभ झाला. मंजूर क्षमतेचा हिशेब धरला, तर २०२५ च्या प्रवेशांनंतर येथे चार तुकड्यांचे चारशे विद्यार्थी होतात. विद्यार्थिसंख्या तीन वर्षांत चौपट झाली. अध्यापक, वसतिगृहे आणि खाटा त्याच वेगाने वाढतात का, हा प्रश्न नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना दरवेळी नव्याने उभा राहतो.

या महाविद्यालयाची निकड वादातीत होती. जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १०० विद्यार्थी क्षमतेचे महाविद्यालय आणि ४३० खाटांचे संलग्न रुग्णालय मंजूर केले, तेव्हा जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते. केंद्राने २०१८ मध्ये देशातील मागास जिल्ह्यांची जी आकांक्षित यादी केली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्हे होते; गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीमच्या पंक्तीला उस्मानाबाद बसले होते. मराठवाड्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबादेत आले, नंतर अंबाजोगाई, नांदेड आणि शेवटी २००२ मध्ये लातूर. साडेसोळा लाख लोकसंख्येच्या (२०११ ची जनगणना) या जिल्ह्याने शेजाऱ्यांवर भिस्त ठेवली. भूम-परंड्याचा रुग्ण बार्शी गाठतो, उमरगा-लोहाऱ्याचा सोलापूर किंवा लातूर, कळंबचा अंबाजोगाई. अत्यवस्थ रुग्णासाठी आधी गाडी आणि मग डॉक्टर शोधायचा, हा येथील कुटुंबांचा अनुभव आहे.

महाविद्यालयाच्या वाढीचे गणित सरळ बेरजेचे नसते. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीनच मुख्य विषय. शवविच्छेदनगृह, दोन-तीन प्रयोगशाळा आणि एक मोठे व्याख्यानगृह असले की वर्ष निभावते. दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र येते, विद्यार्थी कक्षात जाऊ लागतो. त्यानंतर वैद्यकशास्त्र, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग हे विषय येतात आणि मग रुग्णालय हेच पाठ्यपुस्तक ठरते. म्हणजे प्रत्येक जूनी तुकडी पुढे सरकते तेव्हा तिच्यासाठी नवा विभाग उभा करावा लागतो, आणि त्याच वेळी मागून शंभर नवे विद्यार्थी येतात. त्यांना खोल्या हव्यात, खाणावळ हवी, ग्रंथालयात बसायला जागा हवी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १०० प्रवेशांच्या महाविद्यालयाला ४२० खाटांचे रुग्णालय लागते. नुसत्या खाटा मांडून भागत नाही. त्या भरलेल्याही असाव्या लागतात.

इमारत पैशाने उभी राहते, अध्यापक तसा उभा राहत नाही. हीच या साऱ्या प्रकरणातील कळीची बाब आहे. लोकसेवा आयोगामार्फत होणारी भरती संथ, कंत्राटी नेमणुकांना स्थैर्य नाही, आणि मुंबई-पुण्याचा तज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी कुटुंबासह यायला सहजी तयार होत नाही. त्यावर राज्यात वर्षानुवर्षे एक उतारा चालत आला : तपासणी जवळ आली की जुन्या महाविद्यालयांतील अध्यापकांची तात्पुरती बदली नव्या ठिकाणी करायची. पथक परतले की अध्यापकही परतले! यात नव्याचे पोट भरत नाही आणि जुन्याचे मात्र रिकामे होते. आयोगाने आधारशी जोडलेली हजेरी सक्तीची केली आणि १ मे २०२५ पासून चेहऱ्याची ओळख व ठिकाणाची नोंदही तीत आणली. कागदावरचा अध्यापक आता पूर्वीइतका सहज खपणार नाही. त्यातच ऑक्टोबर २०२४ मध्ये जालना, हिंगोलीसह राज्यात एकाच वेळी दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचा प्रारंभ झाला. तोच मर्यादित अध्यापकवर्ग आता आणखी दहा ठिकाणी वाटून द्यायचा आहे. धाराशिवला दोन वर्षे आधी सुरू झाल्याचा लाभ मिळाला असला, तरी तो टिकवणे सोपे नाही.

रुग्णाच्या बाजूनेही एक पेच आहे. महाविद्यालयासाठी जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याकडून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे जाते. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार नि:शुल्क झाले, पण वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. तो निर्णय घेणारे तत्कालीन आरोग्यमंत्री तानाजी सावंत हे याच जिल्ह्यातील परंड्याचे आमदार होते, हा योगायोगच म्हणायचा. शिवाय महाविद्यालयाची पाटी लागली की आसपासची ग्रामीण रुग्णालये गुंतागुंतीचे रुग्ण तिकडे धाडू लागतात. मनुष्यबळ आणि औषधे तोकडी असताना हा भार वाढला, तर काय होते? ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ अर्भके होती. कारणांवरून वाद झाला. मात्र औषधखरेदी, रिक्त पदे आणि क्षमतेपलीकडची गर्दी यांची चर्चा त्यानंतर टाळता आली नाही. नांदेडचे महाविद्यालय १९८८ पासूनचे आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता विद्यार्थ्यांकडे पाहू. राज्याच्या कोट्यातील ७० टक्के जागा त्या-त्या विभागासाठी राखण्याची पद्धत सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली. मराठवाड्याचीच ती मागणी होती, कारण येथे महाविद्यालये थोडी आणि गुणवंत विद्यार्थी अधिक. त्याची दुसरी बाजू अशी की, धाराशिवच्या बाकांवरही आता राज्यभरातील मुले-मुली बसतात. जिल्ह्याशी त्यांचा संबंध प्रवेशाच्या दिवशी जुळतो. तो घट्ट करण्याचे एक साधन अभ्यासक्रमातच आहे. २०२२ पासून विद्यार्थ्याने काही ग्रामीण कुटुंबे दत्तक घेऊन शिक्षणाच्या काळात त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा असतो. हे काम नोंदवहीपुरते उरकता येते किंवा मनापासूनही करता येते. मनापासून केले तर काय घडते, याचा नमुना याच जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातील अणदूरला आहे. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या माध्यमातून गावातील स्त्रियांनाच आरोग्याचे प्रशिक्षण देऊन 'भारत वैद्य' म्हणून उभे केले. सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या विभागाला याहून जवळचे आणि समृद्ध पाठ्यक्षेत्र मिळणे कठीण.

२०२२ च्या तुकडीची साडेचार वर्षे २०२७ मध्ये पुरी होतील. मग वर्षभराची आंतरवासिता, आणि त्यानंतर राज्याच्या सेवेत एक वर्ष काढण्याचे बंधपत्र. ते मोडणाऱ्यास पूर्वी दहा लाख रुपयांचा दंड होता. दंड भरून सुटणारे दरवर्षी असतच. बंधपत्राची सेवा द्यायला तयार असलेल्यांना जिल्ह्यातच सामावून घ्यायचे, तर वाशी, लोहारा, भूम येथील रुग्णालयांत त्यांच्यासाठी पदे आणि राहण्याजोगी निवासस्थाने आधीच सिद्ध हवीत. त्या तयारीला आता फार अवधी उरलेला नाही.